मशीन लावायच्या आधी व्होल्टेज बघा

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गटाच्या पिठाच्या गिरणीपुढेच मांडव घातलेला. बायका जमल्या होत्या, उखाणे सुरू झाले होते, शेजारच्या गटाच्या अध्यक्षताई माईक हातात घेऊन उभ्या होत्या. एवढ्यात मांडवाच्या एका बाजूचे हॅलोजन एकदम मंद झाले, पार पिवळे. आणि दुसऱ्या बाजूचे बल्ब असे लखलखले की डोळे दिपावेत. भोंग्यातून ‘घूंऽऽऽ’ असा आवाज आला, मग मशीनमधून ‘फट्ट’. जळकट वास सुटला आणि सगळं शांत.

शांत म्हणजे माईक शांत. गिरणी मात्र आत घरघर चालूच होती. म्हणून कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की दोष लाईटचा आहे. गिरणी चालू आहे म्हणजे लाईट नीट आहे, मशीनच खराब निघालं, असं आम्ही धरून चाललो. कुणी म्हणालं, दुकानदाराने फसवलं. कुणी म्हणालं, त्या दिवशी ज्या ताईंकडे सेट सांभाळायला होता त्यांनी काहीतरी चुकीचं बटण दाबलं. मासिक बैठकीत त्यावरून दोन तास वादावादी झाली. त्या ताई रडल्या. दंड त्यांच्याकडून घ्यायचा की गटाच्या खात्यातून दुरुस्ती करायची, इथपर्यंत गोष्ट गेली.

दुरुस्तीवाल्याने मशीन उघडलं आणि एका वाक्यात सांगितलं, ‘याला जास्त व्होल्टेज बसलंय.’ मग वायरमनला बोलावून गिरणीची मेन पेटी उघडली. न्यूट्रलच्या तारेचा स्क्रू ढिला होता, तार काळी पडली होती. चूक त्या ताईंची नव्हती आणि दुकानदाराचीही नव्हती. आमच्याच पेटीतला एक स्क्रू. दुरुस्तीला 4,200 रुपये लागले. आमचं भाडं एका कार्यक्रमाला 1,200 रुपये आहे, म्हणजे साडेतीन कार्यक्रमांची कमाई गेली आणि कर्जाचा हप्ता होता तो होताच.

आपल्या भागात आता बऱ्याच गटांनी भाड्याने द्यायला साउंड सेट घेतलेत. घरोघरी होम थिएटर, ट्रॉली स्पीकर आहेतच. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहिते.

आधी हे व्होल्टेज म्हणजे काय ते. नळाला जसा पाण्याचा जोर, तसा तारेतल्या विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज. आपल्या घरात तो 230 असायला हवा. नियमाने त्यात सहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे साधारण 216 ते 244. प्रत्यक्षात संध्याकाळी सात-साडेसातला घरोघरी शेगड्या, मिक्सर, टीव्ही, मोटारी एकदम सुरू झाल्या की टोकाच्या घरांना 190, 180 सुद्धा मिळतं. डीपीपासून घर जितकं लांब, तितकं कमी. आणि रात्री दोन वाजता सगळं गाव झोपलं की तेच व्होल्टेज वर चढतं. वस्तीवर राहणाऱ्या ताईंना हे वेगळं सांगायला नको. ज्यांची लाईट शेतीच्या फीडरवरून आहे, तिथे पंप सुरू झाले की बल्ब कसा मान टाकतो ते रोजचंच आहे.

आता कमी व्होल्टेजने मशीनचं काय होतं ते बघू. अँप्लिफायर उचलून बघा. जड, दगडासारखा लागला तर त्याच्या पोटात लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर आहे. गावात भाड्याने फिरणारी मशीनं बहुतेक अशीच असतात. या मशीनला बाहेरून जेवढं कमी मिळेल, तेवढंच आतही कमी होतं. आणि ताकद तर त्याहून जास्त घटते. 250 वॅटचं मशीन 190 व्होल्टवर जेमतेम 170 वॅटचा साफ आवाज देतं. मशीन जळत नाही, बंद पडत नाही, फक्त दमतं.

खरा घोळ इथून पुढे होतो. आवाज कमी पडला की आपण काय करतो? बटण फिरवून वाढवतो. मशीनमध्ये तेवढी ताकद नसते, म्हणून आवाज फाटायला लागतो. आवाजाची जी वरखाली लाट असते तिचे शेंडे छाटले जातात, जसं बुटक्या डब्यात उंच वाढलेलं रोप कोंबून वरून झाकण दाबावं. असा छाटलेला आवाज भोंग्याच्या युनिटला फार घातक. युनिटमध्ये केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं. साफ आवाजात ते हलतं आणि थंड होतं. फाटलेल्या आवाजात त्याला नुसती उष्णता मिळत राहते. तास-दोन तास असं चाललं की वेटोळ्याचं वार्निश जळतं आणि युनिट मुकं होतं. बॉक्समधला जो छोटा स्पीकर असतो, झांजेचा आणि बासरीचा बारीक आवाज देणारा, तोही असाच आधी जातो.

म्हणजे बघा, नुकसान होतं भोंग्याचं, पण मूळ आहे कमी व्होल्टेजमध्ये आणि मधली चूक आहे आपल्या हाताची. ‘जरा मोठा करा गं, मागे ऐकू येत नाही’ असं कुणीतरी म्हणतंच. फाटका आवाज आला की बटण मागे फिरवायचं. मागच्या बायकांना पुढे बसवायचं, भोंग्याचं तोंड वळवायचं, पण बटण पुढे नाही.

कमी व्होल्टेजमध्ये आणखी एक होतं, आवाजाच्या मागे ‘घूं’ अशी गुरगुर येते. कारण आतल्या भागांना जो स्थिर दाब लागतो तो स्थिर राहत नाही. गुरगुर दुसऱ्या कारणांनीही येते. अर्थिंग नसेल, माईकची तार लाईटच्या तारेला चिकटून लांबवर गेली असेल, तरी येते. म्हणून गुरगुर आली की पहिल्यांदा आकडा बघायचा. व्होल्टेज बरोबर असेल तर तारा वेगळ्या करून बघायच्या. गिरणीची मोटार किंवा फ्रीज सुरू होताना स्पीकरमध्ये ‘टक्क’ होतं, ते मात्र एवढं मनाला लावून घेऊ नका.

वजनाला हलक्या नव्या मशीनचं आणि टीव्हीचं वेगळं आहे. त्यांच्या मागे बारीक अक्षरात ‘100–240’ असं लिहिलेलं असतं. ही यंत्रं 150 व्होल्टवरही मजेत चालतात, आवाज बदलत नाही. मग आपल्याला वाटतं, हे चांगलं, याला व्होल्टेजची काळजी नाही. खालच्या बाजूला नाहीच. पण वरच्या बाजूला ही नाजूक असतात.

जास्त व्होल्टेजचा मामला वेगळा आहे. कमी व्होल्टेज हळूहळू नुकसान करतं, जास्त व्होल्टेज एका झटक्यात. हलक्या मशीनमध्ये आत कपॅसिटर नावाचा डबीसारखा भाग असतो. 230 व्होल्ट आले की त्यावर सुमारे 325 चा दाब येतो, कारण लाटेचं टोक सरासरीच्या वर असतं. ती डबी बहुधा 400 किंवा 450 सोसेल अशी बनवलेली असते. बाहेरून 300 आले तर आत 420 च्या पुढे जातं. 400 आले तर 560 च्या वर. मग डबी फुगते, वरून फाटते, तोच तो ‘फट्ट’. जड मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर तापून गुणगुणायला लागतो, फ्यूज उडतो, नाहीतर आतले भाग जळतात. आमचं असंच झालं.

पण घरात 300 व्होल्ट येतातच कुठून? हा प्रश्न बैठकीत एका ताईंनी विचारला आणि तोच महत्त्वाचा आहे.

डीपीवरून तीन फेज येतात आणि एक न्यूट्रल. कुठलीही फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 असतात. पण दोन फेजच्या मध्ये साधारण 400 असतात. न्यूट्रल ही परतीची वाट आहे, आणि तीच प्रत्येक फेजला 230 वर धरून ठेवते. ही वाट तुटली किंवा ढिली झाली, तर एका फेजवरची उपकरणं आणि दुसऱ्या फेजवरची उपकरणं एकामागे एक जोडली जातात आणि ते 400 व्होल्ट आपापसात वाटून घेतात. वाटणी सारखी होत नाही. घरात भाकरी वाटताना ज्याला भूक जास्त त्याला जास्त वाढतो. इथे नेमकं उलटं. जे जास्त वीज खातं त्याच्या वाट्याला कमी व्होल्टेज येतं, आणि जे थोडंसं खातं त्याच्या वाट्याला जास्त.

आमच्या मांडवात एका फेजवर 500 वॅटचे दोन हॅलोजन होते, म्हणजे हजार वॅट. दुसऱ्या फेजवर मशीन आणि चार-पाच बल्ब, सगळं मिळून तीनशे वॅट धरा. न्यूट्रल सुटल्याबरोबर हॅलोजनला शंभरच्याही खाली राहिले आणि मशीनला 300 च्या पुढे बसले. म्हणून एक बाजू मंद आणि दुसरी बाजू लख्ख. गिरणीच्या मोटारीला तीन फेज पुरतात, न्यूट्रल लागतच नाही, म्हणून ती आपली चालूच. त्या वेळी हे कळलं असतं तर बैठकीत रडारड झाली नसती.

ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवा. तीन फेजच्या जागी, म्हणजे गिरणी, समाजमंदिर, शाळा, मंगल कार्यालय अशा ठिकाणी काही दिवे मंद आणि काही दिवे नेहमीपेक्षा जास्त उजेड देऊ लागले, तर विचार करत बसू नका. धावत जाऊन मेन बंद करा. घरी एकच फेज असते. तिथे फक्त आपल्याच घरातली न्यूट्रल सुटली तर लाईट नुसती जाते. पण खांबावरची किंवा डीपीवरची न्यूट्रल सुटली तर आळीतल्या काही घरांत असंच जास्त व्होल्टेज घुसतं. बल्ब भगभगला, पंखा सुसाट पळायला लागला, तर आधी मेन बंद, मग टीव्ही-स्पीकरच्या पिना काढायच्या, मग 1912 वर तक्रार. शेजारणीलाही हाक मारा, तिच्याकडेही तेच चाललेलं असणार.

पेटी आपण उघडायची नाही. परवानाधारक वायरमनकडून वर्षातून एकदा, दिवाळीआधी किंवा जत्रेआधी, मेन पेटीतले सगळे स्क्रू आवळून घ्यायचे. त्याला मुद्दाम सांगायचं, ‘न्यूट्रल बघा.’ जुन्या पेट्यांत न्यूट्रलच्या तारेलाही फ्यूज असतो. तो नसावा, कारण तो उडाला तर न्यूट्रल तुटल्यासारखंच होतं. फ्यूज फक्त फेजला.

एमसीबी बसवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी जास्त करंट गेला की पडतं. व्होल्टेज जास्त आलं तर ते आपणहून काही करत नाही. बाजारात ‘स्पाईक गार्ड’ म्हणून एक्स्टेंशन बोर्ड मिळतात. ते क्षणभराच्या धक्क्याला उपयोगी, पण 300 व्होल्ट मिनिटभर राहिले तर तेही जळतात, आणि त्यातले कितीतरी बोर्ड तर आत नुसते साधेच असतात. स्टॅबिलायझर घेणार असाल तर डब्यावर दोन गोष्टी बघा. किती ते किती व्होल्टेज तो सांभाळतो, आणि ‘हाय कट’ आहे का. हाय कट म्हणजे मर्यादेबाहेर गेलं की पुरवठाच तोडणं. हाय कट नसलेला स्टॅबिलायझर न्यूट्रल तुटल्यावर कामाचा नाही. तीनशे-चारशे वॅट ओढणाऱ्या मशीनला एक केव्हीएचा स्टॅबिलायझर आरामात पुरतो. कार्यक्रमात तो मधूनमधून ‘टक टक’ करतो आणि आवाजाला हलका झटका बसतो, त्याने घाबरू नका.

ज्यांची जागा कायमची आहे, त्यांनी पेटीतच ‘ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर’ बसवून घ्यावा असं मी म्हणेन. समोर आकडा दिसतो, व्होल्टेज खाली-वर गेलं की तो लाईट तोडतो आणि नीट झाल्यावर काही वेळाने स्वतःच जोडतो. आमच्या गिरणीला आता तोच आहे. गिरणीचा खर्च म्हणून नोंदवला, साउंडच्या खात्यात नाही, यावरही थोडी चर्चा झालीच!

मांडवातलं कमी व्होल्टेज मात्र पुष्कळदा आपणच तयार करतो. लांब आणि बारीक वायर. समजा घरापासून मांडव 60 मीटर आहे आणि एक एमएमची तांब्याची वायर टाकली. जाऊन-येऊन 120 मीटर झाली. त्याच वायरवर दोन हॅलोजन, मशीन आणि पंखे लावले आणि दहा अँपिअर ओढले, तर वायरमध्येच वीस-एकवीस व्होल्ट खर्च होतात. घरी 215 असले तर मशीनपाशी 194. वायरचं वेटोळं गुंडाळलेलं राहिलं तर ते तापतं ते निराळंच. उपाय साधा आहे. अडीच एमएमची वायर घ्या, आणि मशीनला वेगळी वायर द्या. हॅलोजन दुसऱ्या वायरवर. खांबावर आकडा टाकून कार्यक्रम करणाऱ्याला सेट भाड्याने द्यायचाच नाही, हा आमच्या गटाचा ठराव आहे. तो गुन्हा आहे, जीवाचा धोका आहे, आणि तिथे न्यूट्रलचा भरवसा कुणी द्यायचा?

लाईट गेली की एक सवय लावून घ्या. आवाजाचं बटण शून्यावर, मशीन बंद, पिन बाहेर. लाईट परत येते तेव्हा पहिली पाच मिनिटं व्होल्टेज नाचत असतं, कारण सगळ्यांच्या मोटारी आणि फ्रीज एकदम सुरू होतात. जनरेटरवरही तसंच. आधी जनरेटर सुरू करून स्थिर होऊ द्या, आकडा बघा, मग मशीन जोडा. जनरेटरवाल्याने मध्येच वेग वाढवला तर व्होल्टेजही वाढतं, हे त्याला आधीच सांगून ठेवा. इन्व्हर्टरवर लावणार असाल तर तो ‘प्युअर साईन वेव्ह’ आहे का बघा. ‘स्क्वेअर वेव्ह’च्या इन्व्हर्टरवर जड मशीन सतत गुरगुरतं आणि तापतं. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की पिन काढून ठेवणं हाच उपाय, विजेपुढे स्टॅबिलायझर टिकत नाही.

आणि एक गोष्ट मशीनपेक्षा मोठी. माईक हातात घेतल्यावर झिणझिण्या आल्या, तर ‘थोडंसंच आहे’ म्हणून बोलत राहू नका. माईक खाली ठेवा आणि लाईट बंद करून घ्या. आपल्या बायका अनवाणी, ओल्या सारवलेल्या जमिनीवर उभ्या असतात. पिनेचा तिसरा, जाड पाय हा अर्थिंगचा असतो. बोर्डात बसत नाही म्हणून तो कापू नका, बोर्ड बदला. मशीनच्या मागच्या काचेच्या फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळायची युक्ती पोरं करतात. लिहिलेल्या अँपिअरचा फ्यूज थोड्याच पैशात मिळतो. दोन जादा घेऊन सेटच्या पेटीत ठेवा.

आम्ही काय बदललं ते सांगते. पिनेत खुपसला की आकडा दाखवणारा छोटा व्होल्टमीटर घेतला आणि सेटच्या पेटीलाच बांधून टाकला. भाड्याच्या वहीत तारीख, नाव, रक्कम यांच्या शेजारी ‘व्होल्टेज’ असा एक रकाना आखला. सेट घेऊन जी ताई जाते तिने जोडायच्या आधी आकडा बघायचा आणि लिहायचा. 200 ते 245 मध्ये असेल तर जोडायचं. खाली असेल तर यजमानांना सांगून दुसरी वायर, दुसरी जागा बघायची, आणि आवाज अर्ध्यावरच ठेवायचा. वर असेल तर जोडायचंच नाही, मग यजमान कितीही मोठा असो. ही वही तक्रारीलाही उपयोगी पडते. ‘व्होल्टेज कमी असतं’ असं तोंडी सांगण्यापेक्षा पंधरा दिवसांचे वेळेसह आकडे लिहून अर्ज दिला तर त्याची दखल घ्यावी लागते. अर्जाची पोच मात्र घ्या.

गेल्या महिन्यात एका बारशाला आमच्या ताईंना मीटरवर 262 दिसलं. पाहुणे जमले होते, यजमान घाई करत होते. ताईंनी पिन लावली नाही. आमचं मशीन 12 व्होल्टच्या बॅटरीवरही चालतं, मागे लाल-काळ्या तारा जोडायची सोय आहे. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या बॅटरीवर मशीन लावलं आणि पाळणा सुरू झाला. वहीत त्या दिवशीच्या रकान्यात लिहिलंय, ‘262, ट्रॅक्टरवर चालवले, भाडे पूर्ण मिळाले.’